भिंतीला कान

‘भिंतीला कान असतात’ ही म्हण ज्याने कुणी काढली, तो गिरगावातल्या चाळीत कधी राहिलेला नसावा. आमच्या चाळीत भिंतीला कान नव्हते, कारण मुळात भिंतच नव्हती. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये फळ्यांचं एक पार्टिशन होतं आणि त्यातून भांडणं, फोडणीचे वास आणि ढेकूण यांची दोन्ही बाजूंनी मुक्त ये-जा चाले. आमच्याकडे पापड किती लाटले गेले हे शेजारच्यांना आमच्याआधी ठाऊक असे. आणि शेजारच्या काकांना ऑफिसात मेमो मिळाला की त्या संध्याकाळी आमची आई कुणी न सांगता त्यांच्याकडे आमटीची वाटी पाठवी.

इतकी सोय असूनही पलीकडच्या खोलीतले, रेल्वेतून रिटायर झालेले एक आजोबा पार्टिशनला फुलपात्र लावून ऐकत. आमचं बोलणं त्यांना नुसत्या कानांनीही ऐकू आलं असतं. पण कष्टाने मिळवलेल्या गोष्टीची गोडी वेगळीच. एकदा मी त्यांना रंगेहाथ पकडलं. तर मुळीच न ओशाळता ते म्हणाले, “काही नाही रे, पाणी पीत होतो.” फुलपात्र आडवं होतं, फळीला चिकटलेलं होतं आणि त्याच्या बुडाला आजोबांचा कान होता. रेल्वेत अशाच पद्धतीने पाणी पीत असतील, अशी समजूत करून घेऊन मी गप्प बसलो.

पुढे चोरून ऐकण्याच्या इतिहासाची चार पुस्तकं हाती लागली, तेव्हा कळलं की आजोबा फार थोर परंपरेतले होते. आपल्या कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांचे प्रकारच्या प्रकार दिलेत. कुणी संन्याशाच्या वेषात, कुणी शेतकऱ्याच्या, कुणी व्यापाऱ्याच्या. मसलत कुठे करावी यावरही त्याने लिहिलंय, आणि तिथे तो बजावतो की पोपट-मैनांनी गुप्त मसलती फोडल्याचं ऐकिवात आहे. मला हे वाचून भारी मौज वाटली. टेपरेकॉर्डर यायला अजून दोन हजार वर्षं होती, पण टेपरेकॉर्डरचं काम करणारा पक्षी पिंजऱ्यात हजर होता. शिवाय त्याला पेरू घातला की पुरे, सेल लागत नसत.

रोममध्ये आथानासिउस किर्खर नावाचा एक जेझुइट पंडित होता. त्याने १६५० साली छापलेल्या ग्रंथात एक भन्नाट योजना काढून दाखवली आहे. चौकाकडे तोंड केलेला शंखासारखा पिळदार भलामोठा कर्णा भिंतीत बसवायचा आणि त्याचं निमुळतं टोक आतल्या दालनातल्या पुतळ्याच्या तोंडात सोडायचं. चौकात बायका भाजीच्या भावावरून बोलतील आणि आत बसलेल्या धन्याला ते पुतळा सांगेल. आमच्या आजोबांचं फुलपात्र ही याच योजनेची गरिबाघरची आवृत्ती.

यामागची विद्या साधी आहे. आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. ते हेलकावे ज्या ज्या वस्तूवर आदळतात ती वस्तू इवलीशी थरथरते. फळी थरथरते, खिडकीची काच थरथरते, टेबलावरचा कागदसुद्धा थरथरतो. आपल्या कानाचा पडदा हेच करतो, फक्त त्याच्यामागे मेंदू असतो, निदान असावा अशी अपेक्षा असते. थरथरणाऱ्या पातळ पडद्यामागे विजेचं मंडल जोडलं की झाला मायक्रोफोन. मग प्रश्न उरतो तो ऐकलेलं बाहेर नेण्याचा. तार ओढली तर तार सापडते. रेडिओने पाठवावं तर सेल लागतात, सेल संपतात आणि ते बदलायला पुन्हा शत्रूच्या घरात शिरावं लागतं. शिवाय सतत बोलणारा रेडिओ शोधणाऱ्याच्या यंत्राला लगेच ऐकू जातो. अशा लपवलेल्या यंत्राला इंग्रजीत ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. पार्टिशनच्या फटीत राहून घरातल्यांना चावणाऱ्या प्राण्याचं नाव त्याला द्यावं, यात त्या लोकांना चाळीचा अनुभव असावा असं मला वाटतं.

या सगळ्या अडचणींवर मात करणारा एक किडा होऊन गेला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

४ ऑगस्ट १९४५. महायुद्ध संपत आलेलं. मॉस्कोत रशियन शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना एक भेट दिली. अमेरिकेची राजमुद्रा, लाकडात सुरेख कोरलेली, पंख पसरलेला गरुड आणि सगळं. मुलांनी प्रेमाने दिलेली वस्तू, नाही कसं म्हणायचं? आपणही आहेरात आलेलं घड्याळ भिंतीला लावतोच. हॅरिमनसाहेबांनी ती राजमुद्रा आपल्या निवासस्थानी अभ्यासिकेत लावली. ती तिथे सात वर्षं होती. चार राजदूत तिच्याखाली बसून बोलले.

गरुडाच्या चोचीखाली बारीक भोकं होती. त्यांच्यामागे तांब्याची एक डबी, डबीला तोंडाशी अत्यंत पातळ पडदा आणि एक वीतभर काडी. बस्स. ना तार, ना सेल. एरवी ती डबी मेल्यासारखी पडून असे, त्यामुळे शोधणाऱ्यांना काही सापडत नसे. ऐकायचं झालं की रशियन मंडळी बाहेरून तिच्यावर रेडिओलहरींचा झोत सोडीत. काडी तो झोत घेई आणि परत फेकी. पण खोलीत कुणी बोलत असेल तर पडदा थरथरे, आणि परत येणारा झोतही तशीच थरथर घेऊन येई. अंधारात आरशावर विजेरी मारावी आणि आरशासमोरच्या माणसाने हळूच आरसा हलवावा, तसं. १९५१ साली एका ब्रिटिश रेडिओवाल्याला अवचित हवेतून साहेबलोकांचं बोलणं ऐकू आलं, तेव्हा पहिली शंका आली. तरी डबी सापडायला १९५२ उजाडलं.

सापडली ती कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. त्या वेळी राजदूत होते जॉर्ज केनन. शोध घेणाऱ्यांनी त्यांना सांगितलं, तुम्ही अभ्यासिकेत बसा आणि सेक्रेटरीला काहीतरी सांगत राहा. बोलणं चालू असल्याशिवाय किडा जागा होत नाही. तेव्हा केनन यांनी एक जुना खलिता काढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आपण कुणासाठी वाचतोय हे त्यांना ठाऊक होतं, फक्त तो कुणीतरी कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. वाचन चालू असतानाच तंत्रज्ञांनी भिंत उकरली, मग राजमुद्रा फोडली आणि आतली डबी हाती घेतली. भिंतीशी जाणूनबुजून बोलणारा हा माणूस मी तेव्हा नुसता गमतीचा म्हणून लक्षात ठेवला होता. तो पुढे माझ्या स्वयंपाकघरात भेटणार आहे याची मला कल्पना नव्हती.

अमेरिकेने ही गोष्ट आठ वर्षं पोटात ठेवली. मे १९६० मध्ये अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान रशियात पडलं आणि रशियाने जगभर बोंब मारली, तेव्हा हेन्री कॅबट लॉज यांनी ती राजमुद्रा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत आणून उघडून दाखवली. आमच्या चाळीत नळावर भांडण झालं की दोन वर्षांपूर्वी नेलेली वाटीभर साखर अशीच बाहेर निघे.

डबी बनवणाऱ्याचं नाव लेव्ह तेर्मेन. अमेरिकेत त्याला थेरेमिन म्हणत. हा माणूस मुळात संगीतातला. त्याने एक वाद्य काढलं होतं, ज्याला हात लावायचाच नाही. नुसते हवेत हात हलवायचे, एका हाताने सूर, दुसऱ्याने आवाज कमीजास्त. १९२२ साली त्याने ते खुद्द लेनिनला वाजवून दाखवलं आणि लेनिननेही हात हलवून पाहिले. पुढे तो अमेरिकेत गेला, गाजला, एका नर्तकीशी लग्न केलं आणि १९३८ साली बायकोला तिथेच सोडून रशियात परतला. पुन्हा तिची भेट नाही. १९३९ मध्ये अटक झाली, आठ वर्षांची शिक्षा. आधी कोलिमाच्या बर्फातल्या छावणीत आणि मग शास्त्रज्ञ कैद्यांच्या प्रयोगशाळेत. राजदूताच्या भिंतीत बसलेला कान या माणसाने कैदेत असताना घडवला. १९४७ साली त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं आणि सुटकाही झाली. पुढे कित्येक वर्षं त्याने हेरखात्यातच नोकरी केली. हात न लावता वाद्य वाजवणाऱ्याने शेवटी हात न लावता चोरी करून दाखवली, असं म्हणून हसता येतं खरं. पण ज्याचं स्वतःचं बोलणं ऐकायला एक पहारेकरी सोडून कुणी नव्हतं, अशा माणसाने दुसऱ्यांची बोलणी ऐकायचं यंत्र बनवावं, हे आठवलं की हसू जरा अडखळतं. १९९३ साली, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला.

यंत्र बसवणं हा मात्र या विद्येतला सोपा भाग. खरी पंचाईत पुढे आहे. ऐकलेल्याचं करायचं काय?

आता बर्लिनचा बोगदा घ्या. १९५५ साली अमेरिकन आणि ब्रिटिश हेरखात्यांनी मिळून जमिनीखालून सुमारे साडेचारशे मीटर लांब बोगदा खणला आणि रशियन लष्कराच्या टेलिफोन-तारांना आपल्या तारा जोडल्या. अकरा महिने ऐकत होते. टेपची पन्नास हजार रिळं भरली, टेलिफोनवरचं बोलणं चाळीस हजार तासांचं झालं. बोगदा १९५६ च्या एप्रिलमध्ये उघडकीला आला, पण साठलेलं ऐकून संपायला १९५८ चा सप्टेंबर आला. गंमत पुढेच आहे. बोगद्याची पहिली कुदळ पडण्यापूर्वीच रशियाला त्याची बातमी होती. ज्या बैठकीत योजना ठरली तिथे टिपणं घेणारा ब्रिटिश अधिकारी जॉर्ज ब्लेक हाच रशियाचा हेर होता! तरीही रशियाने अकरा महिने आपलं बोलणं ऐकू दिलं. कारण बोगदा लगेच बंद केला असता तर ‘यांना कुणी सांगितलं?’ हा प्रश्न आला असता आणि ब्लेक सापडला असता. कळलंय, पण कळल्याचं कळू द्यायचं नाही. ऐकणाऱ्याच्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा व्याप. ब्लेक १९६१ मध्ये पकडला गेला तो वेगळ्याच वाटेने.

निक्सनसाहेबांचं तर विचारूच नका. जून १९७२ मध्ये वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत पाच माणसं पकडली गेली. ती तिथे दुसऱ्यांदा शिरली होती, कारण आधी बसवलेला एक किडा नीट चालत नव्हता. म्हणजे दुरुस्तीला आली होती! आमच्याकडे रेडिओ दुरुस्तीवाला बोलावूनही येत नसे. पण निक्सन यांना बुडवलं ते त्यांनी दुसऱ्याकडे लावलेल्या यंत्राने नव्हे, स्वतःच्याच खोलीत लावून घेतलेल्या यंत्रांनी. टेबलात पाच मायक्रोफोन, शेकोटीपाशी दोन, कुणी बोललं की टेप आपोआप सुरू. सुमारे ३,७०० तास स्वतःला ध्वनिमुद्रित करून घेऊन हा मनुष्य ९ ऑगस्ट १९७४ ला पायउतार झाला. मधली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली, तेव्हा त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी सांगितलं की फोन घेताना चुकून बटण दाबलं गेलं, त्यात पाचेक मिनिटं गेली असतील. उरलेल्या साडेतेरा मिनिटांत बहुधा कुणीतरी पाणी पीत असावं.

आपणही मागे नाही. इंग्रजांनी १८८५ च्या तार कायद्यात लोकांचे निरोप अडवण्याची सोय करून ठेवली, ती स्वतंत्र भारतानेही अनेक दशकं वापरली. १९८८ साली टेलिफोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणावरून कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना खुर्ची सोडावी लागली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेलिफोनवरचं बोलणं ही माणसाची खाजगी बाब आहे. ते ऐकायचं तर गृहसचिवाची लेखी आज्ञा हवी आणि त्या आज्ञेला मुदत हवी. आता तर मायक्रोफोन आपण स्वतःच्या पैशांनी विकत घेतो आणि रात्री उशाशी घेऊन झोपतो. तेर्मेनच्या डबीला निदान सेल लागत नव्हते. ही डबी आपण रोज न विसरता चार्जही करतो.

एवढा वेळ जगाच्या चहाड्या केल्यावर आता माझा कबुलीजबाब. हा धंदा मीही एकदा केला आहे.

१९८३ साल. चाळ सोडून आम्ही डोंबिवलीला ब्लॉक घेतला होता. विटांच्या भिंती, स्वतंत्र नळ, शेजाऱ्यांचा एक शब्द ऐकू येत नाही. मला भारी अभिमान. आईला मात्र चैन पडत नसे. “इथं माणसं राहतात की नाही तेच कळत नाही,” म्हणायची. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ होत्या. ब्लॉकमध्ये जातं कुठलं? पण पहाटे तांदूळ निवडताना ती हलक्या आवाजात गुणगुणत असे. मेहुण्याने दुबईहून टेपरेकॉर्डर आणला तेव्हा मी म्हटलं, या ओव्या भरून ठेवू. आई म्हणाली, “तुझ्या त्या डबड्यापुढं? मी काय रेडिओवर आहे?” पंधरा दिवस विनवण्या केल्या, काही उपयोग नाही. तेव्हा एका पहाटे उठून मी टेपरेकॉर्डर फडताळात लोणच्याच्या बरणीमागे ठेवला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि पुन्हा पांघरुणात शिरलो.

संध्याकाळी कॅसेट लावली. आधी नळ, मग कुकरच्या शिट्ट्या, मग दोन ओव्या. छान आल्या होत्या. मग समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. आणि आई त्यांना म्हणाली, “डाव्या डोळ्यानं दिसेनासंच झालंय हो. उजवाही धूसर. खडे बोटांनी चाचपून काढते. याला नका सांगू. ब्लॉकचं कर्ज आहे डोक्यावर, त्यात माझं कुठं.”

मी टेप बंद केला. गेले दोन महिने भातात खडे येत होते आणि मी जेवताना रोज रेशनच्या दुकानावर विनोद करीत होतो. चांगले जमत होते विनोद. आईही हसायची.

चाळीत असतो तर ही गोष्ट पार्टिशनमधून पहिल्याच दिवशी सगळीकडे झाली असती, आणि फुलपात्रवाल्या आजोबांनी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. माझ्या विटांच्या भिंतींनी ती व्यवस्थित लपवली होती. आणि आता कळली, तर सांगू कसं? ‘मी चोरून ऐकलं’ म्हणू? सौ. म्हणाली, “सरळ सांगून टाका.” सरळ सांगण्याची हिंमत असती तर बरणीमागे कशाला गेलो असतो! ब्लेकला वाचवायला रशियाने अकरा महिने काढले. मी चार दिवस काढले. मग आईला म्हटलं, “मला डोळे दाखवायचेत. एकट्याने जायला धीर होत नाही. तू येतेस?”

एरवी दवाखान्याचं नाव काढलं की तिची एकादशी तरी निघे नाहीतर गुडघा तरी. त्या दिवशी ती लुगडं बदलून माझ्याआधी दारात उभी. डॉक्टरांना मी आधी निरोप ठेवलाच होता. माझं झाल्यावर ते सहज म्हणाले, “आलाच आहात तर आजींचेही बघू.” आई निमूट खुर्चीत बसली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा तर पार पिकलेला. मलाही त्याच दिवशी चष्मा लागला. बातमी कुठून मिळाली हे लपवण्याची किंमत म्हणून तो मी तेव्हापासून वापरतो आहे.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. काळा चष्मा लावून आई पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेली, इकडेतिकडे बघितलं, फडताळ उघडलं आणि म्हणाली, “या बरणीमागं धूळ किती साठलीय रे! तुझं ते डबडं ठेवण्याआधी जरा पुसून तरी घ्यायचंस.”

“पाणी प्यायला आलो होतो,” मी म्हणालो.

त्या रात्री मी ती कॅसेट पुन्हा लावली. या वेळी नीट ऐकली. काकूंचा आवाज लांबून, दारातून येतो. आईचा मात्र अगदी जवळून, बरणीला तोंड लावून बोलावं तसा. काकू गेल्यावर क्षणभर काहीच नाही. मग आई घसा खाकरते आणि तिसरी ओवी म्हणायला लागते. तांदूळ निवडताना म्हणायची तशी गुणगुणत नाही, चांगली मोकळ्या आवाजात, सावकाश. ती अर्धी होते न होते तोच कॅसेट संपते आणि बटण खट्‌कन वर उडतं.